गोठ्यात राखावयाच्या कालवडीसाठी वळूची निवड

देवणी गाय माजावर आली की तिला कोणता वळू दाखवावयाचा, अथवा कोणत्या वळूच्या रेताची कांडी भरावयाची, हा निर्णय बहुधा अर्ध्या घटकेत होतो. माजाचा काळ अवघा बारा ते अठरा तासांचा असल्यामुळे घाई ही असणारच. परंतु या निर्णयाचे फळ दिसावयास किती काळ लागतो याचा हिशेब फारसा केला जात नाही. गाय नऊ महिने दहा दिवसांनी विते. कालवड झाली तर ती वाढून, माजावर येऊन, गाभण राहून पहिल्यांदा व्यावयास देवणी जातीत साधारणतः चार वर्षे लागतात. म्हणजे आज केलेली निवड बरोबर होती की चूक, हे जवळजवळ पाच वर्षांनी, त्या कालवडीच्या कासेखाली बसल्यावरच समजते. तोवर चारा, पेंड, पाणी व माणसाचे कष्ट यांचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि म्हातारी गायही गोठ्यातून गेलेली असते.

विकावयाच्या वासराचा बाप आणि राखावयाच्या कालवडीचा बाप यांच्याकडून वेगवेगळ्या गोष्टींची अपेक्षा असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर व आसपासच्या पट्ट्यात हा फरक विशेष जाणवतो. देवणी ही दूध आणि शेतकाम या दोन्ही कामांची जात आहे. बाजारात मात्र पैसा मिळतो तो खोंडाला. उंच, भरदार, डौलाने चालणारा खोंड जोडीसाठी चटकन विकला जातो. साहजिकच शेतकरी असे खोंड ज्याच्यापासून होतात त्या वळूच्या शोधात असतो, आणि प्रदर्शनात बक्षीस मिळविलेल्या वळूकडे आपली गाय नेतो. त्या वळूच्या आईने किती दूध दिले, ती किती वेतांपर्यंत टिकली, दर वेतानंतर किती दिवसांनी पुन्हा गाभण राहिली, हे विचारणारा विरळाच. रंगाबद्दल मात्र पुष्कळ वाद होतात. तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असलेला वानेरा चांगला, पोटाखाली काळे ठिपके असलेला बाळंक्या चांगला, की अंगभर काळे पट्टे असलेला शेवरा, यावर चावडीवर दुपार जाते. जात ओळखावयास रंग उपयोगी आहे. त्यावरून कासेतील दूध ठरत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील खिलार पट्ट्यातही थोड्याफार फरकाने हेच घडते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मान्यता देणारा कायदा वैध ठरविल्यापासून वेगवान खोंडांची मागणी टिकून आहे, आणि त्या मागणीप्रमाणेच वळू निवडले जातात. यात गैर काही नाही. तथापि ज्या घरात खिलार गाय वासराला पाजून उरलेले दूध घरच्या मुलांसाठी काढली जाते, त्या घराने राखावयाच्या कालवडीसाठी शर्यतीतील वळूच घ्यावा असे मुळीच नाही.

परदेशात हा भेद फार पूर्वीपासून केला जातो. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील अ‍ॅबरडीन आणि अँगस या परगण्यांतील काळी, बिनशिंगी अँगस गुरे मांसासाठी पाळली जातात. दूध काढण्यासाठी नव्हे. तरीसुद्धा त्या जातीच्या आरंभीच्या पैदासकारांपैकी ह्यू वॉटसन यांच्या कळपातील एका गाईची कीर्ती झाली ती तिच्या वजनामुळे नव्हे. 1824 साली जन्मलेली ही गाय पस्तीस वर्षे जगली व तिला एकोणतीस वासरे झाली, अशी नोंद आहे. 1873 साली जॉर्ज ग्रँट याने या जातीचे चार वळू अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात नेले. तेथील लांबशिंगी गाईंना त्यांच्यापासून काळी, बिनशिंगी वासरे झाली, आणि जातीचा तेथील प्रसार तेव्हापासून सुरू झाला. आज तेथील अँगस पैदासकार वळू घेताना आकड्यांचा तक्ता पुढे ठेवतो. सर्व वासरे विकावयाची असतील तर तो वाढीचा आकडा पाहतो. कालवडी राखावयाच्या असतील तर आणखी काही आकडे पाहतो : या वळूच्या मुली सुलभपणे वितात काय, वेळेवर गाभण राहतात काय, त्यांचे खूर कसे आहेत, स्वभाव शांत आहे काय, आणि त्यांच्या दुधावर वासरू किती वाढते. यातील शेवटचा आकडा मोठा असलेलाच वळू घ्यावा असे तेथील जाणता पैदासकार म्हणत नाही. कुरण कोरडे असेल तर जास्त दुधाची गाय खंगते, वेळेवर माजावर येत नाही व एक वर्ष वाया जाते. चाऱ्याच्या मानाने दूध, हा तेथील नियम मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यालाही तंतोतंत लागू पडतो.

आता बापाकडून मुलीला काय मिळते ते पाहू. वासराला निम्मा वारसा आईकडून व निम्मा बापाकडून मिळतो. परंतु गाय जन्मभरात पाच-सात वासरे देते; वळूला नैसर्गिक संयोगाने एका वर्षातच पन्नास-साठ, आणि गोठित रेताच्या साह्याने हजारो वासरे होऊ शकतात. म्हणून गावातील गुरांची सुधारणा किंवा बिघाड हा मुख्यतः वळूच्या वाटेने होतो.

सर्व गुण सारख्या प्रमाणात वारशाने उतरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एकाच कळपातील दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यापैकी साधारण चौथा हिस्सा वारशाचा असतो. बाकीचा चारा, निगा, आजार, हवामान यांचा. दुधातील स्निग्धांशाच्या टक्केवारीत वारशाचा वाटा सुमारे निम्मा असतो. वेळेवर गाभण राहण्याच्या गुणात तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. गाय उलटू लागली की बापाला दोष देण्याआधी तिचा खुराक व खनिज मिश्रण पाहावे, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हे आहे.

या चौथ्या हिश्श्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वळूच्या आईने एका वेतात आपल्या सोबतच्या गाईंपेक्षा चारशे किलो दूध जास्त दिले असे समजू. ऐकावयास हा आकडा मोठा वाटतो. परंतु त्यातील वारशाचा भाग धरावयाचा शंभर किलो. त्याचा निम्मा, म्हणजे पन्नास किलो, वळूत उतरेल. आणि वळूकडून त्याच्या मुलीत पंचवीस किलो. ‘आई दहा लिटरची’ एवढ्याच बोलीवर वळूला मोठी किंमत देणारा शेतकरी प्रत्यक्षात या पंचवीस किलोंसाठी पैसे मोजत असतो, आणि आईच्या दुधाचा आकडा तोंडी असेल तर तेवढेही हाती लागेल याची खात्री नसते.

याच्या उलट, वळूच्या मुलींच्या दुधाची मोजणी झाली असेल तर गोष्ट निराळी. दुधासारख्या गुणाच्या बाबतीत वेगवेगळ्या गोठ्यांतील पंधरा मुलींच्या नोंदी झाल्या की वळूविषयीची खात्री निम्म्यावर येते, पन्नास मुलींनंतर ती तीन चतुर्थांशाच्या वर जाते. आईच्या एका वेताच्या नोंदीवरून हीच खात्री शेकडा सहाच्या आसपास असते. दोन-तीन गाईंच्या धन्याला अशी चाचणी करता येणार नाही, हे उघड आहे. ते काम पैदास केंद्रांचे आहे, आणि ते सावकाशीचे आहे. मुली जन्मून, वाढून, पहिल्या वेताचे दूध मोजून होईपर्यंत वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. रेत गोठवून द्रव नत्रात उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवता येते म्हणून बरे. नाही तर निकाल लागेपर्यंत वळूच राहिला नसता. ही प्रतीक्षा कमी करण्यासाठी आता वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यातील जनुके तपासून अंदाज बांधण्याची पद्धत आली आहे. भारतीय गाईंसाठी तयार केलेल्या जनुकीय चिपचे लोकार्पण 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे झाले. मात्र ही पद्धतही प्रत्यक्ष मोजलेल्या दुधाच्या नोंदींवरच उभी आहे. देशी जातींच्या अशा नोंदी जितक्या थोड्या, तितका तो अंदाज कच्चा.

म्हणून कांडी भरण्यापूर्वी शेतकऱ्याने ती पाहावयास मागावी. यात रेतन करणाऱ्याचा अपमान होत नाही. कांडीवर जात, वळूचा क्रमांक, रेत गोठविल्याची तारीख व केंद्राची खूण छापलेली असते. हा क्रमांक गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह लिहून ठेवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या नोंदवहीत तर तो लिहावाच. परंतु घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवरही लिहून द्यावा. नोंदवही कार्यालयात राहते, दिनदर्शिका गोठ्याशेजारी.

या क्रमांकाचे महत्त्व तीन वर्षांनी कळते. कालवड वयात आल्यावर तिला तिच्याच बापाचे रेत भरले गेले तर होणाऱ्या वासरात सगोत्र पैदाशीचे प्रमाण शेकडा पंचवीस होते. एकाच बापाची कालवड व खोंड एकत्र आले तर ते साडेबारा होते. अशी वासरे अशक्त निपजतात, उशिरा वयात येतात, दुधाला कमी भरतात, आणि काही गर्भ पोटातच जिरतात. गावात सोडलेला वळू असेल तर हा धोका सर्वांत मोठा. एकच देखणा वळू आठ-दहा वर्षे गावात फिरतो, त्याच्या मुली त्यालाच लागतात, आणि ‘हल्ली गुरे बारीक पडू लागली’ अशी तक्रार सुरू होते. वळूच्या पहिल्या मुली माजावर येण्यापूर्वी त्याची दुसऱ्या दूरच्या गावाशी अदलाबदल केली पाहिजे. देवणी, लाल कंधारी किंवा डांगी गुरांत ही मुदत सुमारे तीन वर्षांची. संकरित गुरांत दोनच वर्षांची. बिनकामाच्या खोंडांचे खच्चीकरणही त्याआधी उरकावे. वळू चांगला म्हणून सोडवत नाही, असे गावकरी म्हणतात. चांगला आहे म्हणूनच दुसरे गाव तो आनंदाने घेईल.

वळू प्रत्यक्ष पाहूनच घ्यावयाचा असेल तर त्याच्या वशिंडापेक्षा त्याच्या आईची व बहिणींची कास पाहावी. कास पोटाला घट्ट चिकटलेली, चारी सड सारख्या अंतरावर, मुठीत मावणारे व फार जाड नसलेले असावेत. लोंबती कास आणि बाटलीसारखे सड असलेल्या गाईचे दूध दोन वेते चांगले निघते. पुढे कासदाह पाठ सोडत नाही. वळूचे दोन्ही वृषण सारखे व भरलेले असावेत, मागचे पाय सरळ असावेत, खूर फाकलेले नसावेत. स्वभाव मारका नसावा. गोठ्यात धार काढणारी बहुधा घरची बाई असते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून सांसर्गिक गर्भपात व क्षय यांच्या चाचण्या झाल्याखेरीज वळू गावात आणू नये.

संकरित गाईंच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. गावठी गाईला होल्स्टीन वळूचे रेत दिल्यावर निम्म्या विदेशी रक्ताची कालवड होते. ती दुधाला उत्तम निघते, म्हणून तिलाही पुन्हा होल्स्टीनचेच रेत दिले जाते. पुढील पिढी पाऊण विदेशी, त्यापुढील आणखी वर. उन्हाळ्यात अशी गाय धापा टाकते, खाणे सोडते, गोचीडताप तिला लवकर धरतो. साधारण गोठ्यासाठी विदेशी रक्त शेकडा पन्नास ते साडेबासष्टच्या दरम्यान राखावे. त्यासाठी संकरित कालवडीला चांगल्या नोंदीच्या संकरित वळूचेच रेत मागावे लागते, आणि ते आधी सांगून ठेवावे लागते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या फुले त्रिवेणी गाईत होल्स्टीन, जर्सी व गीर अशा तीन जातींचे रक्त आहे. लहान चणीच्या पहिलारू कालवडीला थोराड होल्स्टीनचे रेत देणेही टाळावे, वासरू अडते. तेथे जर्सी बरी. आणि देवणीच्या मूळ पट्ट्यात चांगल्या देवणी गाईला विदेशी रेत देण्याचा मोह तर धरूच नये. एका वेतात साडेसहाशे ते बाराशे किलो दूध देऊन वर कामाचा खोंड देणारी गाय कडब्यावर निभावते. तिची संकरित मुलगी तेवढ्यावर निभावणार नाही.

लिंगवर्गीकृत रेत मिळू लागल्यापासून शंभरात सुमारे नव्वद कालवडी होऊ शकतात. गाभण राहण्याचे प्रमाण त्यात थोडे कमी असते, म्हणून ते निरोगी कालवडीला किंवा तरुण गाईलाच वापरावे. पूर्वी निम्मी वासरे खोंड होत असल्याने चुकीच्या वळूचा परिणाम गोठ्यात निम्माच शिरत असे. आता तो जवळजवळ सगळाच शिरतो. कांडी कालवडीची आहे काय, हे सगळे विचारतात. कोणत्या वळूची आहे, हेही त्याच दमात विचारावे.

कालवड पहिल्यांदा व्यायल्यावर चिकाचे दिवस संपले की आठवड्यातून एक ठरलेला वार धरावा. त्या दिवशी वासराला नेहमीप्रमाणे पाजून सकाळ-संध्याकाळचे दूध मापाने मोजावे व एका जाड कागदावर लिहावे. त्या कागदाच्या माथ्यावर कालवडीचा बिल्ला, तिच्या आईचे नाव आणि तिच्या बापाचा क्रमांक असावा. ती पुन्हा माजावर आली की रेतन करणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती प्रथम हा कागद द्यावा, आणि मगच त्याने रेतपात्राचे झाकण उघडावे.