मालवाहू गाडीचे पाटे : उंची कीं आराम ?

शेतमाल बाजारांत नेण्याचें बैलगाडीचें काम आतां बहुतेक गांवीं छोट्या मालवाहू मोटारीकडे आलें आहे. गाडी जुनी झाली, कीं माल भरतांच तिची पाठ बसते. मग मालक मिस्त्रीकडे जाऊन मागच्या कमानींत एक पाटा वाढवून घेतो. गाडी उंच दिसूं लागते व मालकाचें समाधान होतें. परंतु हा सौदा खरोखर फायद्याचा आहे काय, याचा हिशेब येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कमानीचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो. जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणांत. सारख्या पांच पाट्यांत तसाच सहावा घातला, तर ताठरपणा सुमारें २० टक्के वाढतो. पण ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजीं १० मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठर होतो. ज्या ओझ्यानें कमान १० सेंटिमीटर दबते, त्या ओझ्यावर गाडी मिनिटास सुमारें ९५ हेलकावे घेते. तेंच ओझें कमानीस ५ सेंटिमीटरच दाबूं शकलें, तर हेलकावे सुमारें १३४ होतात. अशा आंखूड व जलद हिसक्यांनीं क्रेटांतील टोमॅटो व द्राक्षें चेपतात. मिळालेली उंची मालाच्या भावांतून वजा होते.

शिवाय पाटा वाढला म्हणून आंस, टायर व ब्रेक यांची शक्ति वाढत नाहीं. कित्येक गाड्यांत मागील ब्रेकचा जोर ठरविणारी झडप आंसाशीं दांड्यानें जोडलेली असते. भरलेल्या गाडीची पाठ उंचच राहिली, तर ती झडप गाडी रिकामी असल्याप्रमाणें वागते व मागचा ब्रेक कमी लागतो. घाट उतरतांना याचा परिणाम काय होईल, हें सांगणें नलगे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून निराळा ठरेल, असा फेरफार करतां येत नाहीं. जादा ओझ्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १९४ खालीं २०,००० रुपये व जादा वजनाच्या दर टनास आणखी २,००० रुपये दंड ठेविला आहे. नोंदणीपत्रावरील वजनाचा आंकडा पाट्यानें बदलत नाहीं.

मग करावें काय ? रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करून मागील चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. पाटा तुटला अगर बसला असेल, तर मूळ मापाचे पाटे दोन्ही बाजूंस एकदमच बदलावे. भट्टींत तापवून वांकविलेला पाटा सहसा घेऊं नये. पोलादाचें पाणी उतरलें, कीं तो पुन्हां बसतो. बुश, शॅकल, यू-बोल्ट व शॉकअब्सॉर्बर पाहून घ्यावे; हिसक्यांचें मूळ पुष्कळदां तेथेंच सांपडतें. टायरांतील हवा गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें असावी. आणि माल खरोखरच जास्त असेल, तर दोन खेपा कराव्या. दुसऱ्या खेपेचें डिझेल पाट्याहून महाग वाटेल. पण चेपलेला माल, दंड व घाटांतील धोका हे जमेस धरले, तर तेंच स्वस्त पडतें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे.