धक्क्याच्या आधीचा क्षण

२०११ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची संघांमध्ये वाटणी. पहिल्या तीन फेऱ्यांत जॉनी गोद्रोचे नाव कुणीच घेतले नाही. १०३ जणांची निवड झाल्यावर, चौथ्या फेरीत, कॅनडातल्या कॅलगरी फ्लेम्सने त्याला उचलले. नोंदीत उंची ५ फूट ६ इंच, वजन जेमतेम ६२ किलो. समोरचे बचावपटू सर्रास सहा फुटांच्या वर आणि नव्वद किलोंच्या आसपास. बाकीच्या संघांनी मापे पाहूनच पुढचे पान उलटले असेल, तर त्यात नवल नाही.

हा खेळ आपल्या मैदानी हॉकीचा भाऊबंद असला तरी फार दांडगा आहे. ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फ, भोवती फळ्यांची भिंत, दोन्ही बाजूंना गोलरक्षक धरून सहा-सहा जण. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. ज्याच्याकडे पक आहे त्याला अंगाने धडकून आडवे करणे नियमात बसते. भिंतीशी कोंडलेल्या किरकोळ माणसावर नव्वद किलोंचा गडी वेगाने चालून आला की काय होते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे निवड करणारे आधी उंची बघत आणि मग बाकीचे.

गंमत अशी, की उंचीवरून खेळाडू जोखू नये, हा धडा याच कॅलगरीने दोनदा गिरवला होता. १९८७ मध्ये त्यांनी थिओ फ्लरी नावाचा ५ फूट ६ इंचांचा पोरगा १६६ व्या क्रमांकावर घेतला. पहिल्याच मोसमात, १९८९ मध्ये, तो लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघात होता. कॅलगरीचा तो आजवरचा एकमेव कप. पुढे मार्टिन सेंट लुई आला. उंची ५ फूट ८ इंच, ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच विचारले नव्हते. कॅलगरीने त्याला घेतले खरे, पण २००० मध्ये सोडून दिले. चारच वर्षांनी हा सेंट लुई टॅम्पा बेकडून अंतिम फेरीत कॅलगरीविरुद्ध उतरला आणि सहाव्या सामन्यात, कॅलगरीच्याच बर्फावर, दुसऱ्या जादा वेळेत त्याने विजयी गोल मारला. सातवा सामना जिंकून टॅम्पाने कप नेला. त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गुणही त्याचेच होते आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला.

त्यानंतरचा २००४-०५ चा पूर्ण मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला. खेळ परतला तेव्हा पंचांनी स्टिक अडकवणे, हाताने धरणे, पक नसलेल्याची वाट अडवणे यांवर कडक शिक्षा सुरू केली. बर्फाच्या मधल्या रेषेपलीकडे थेट लांब पास देण्यावरची बंदीही उठली. गोद्रोच्या कौतुकात ही गोष्ट सहसा राहून जाते. त्याचे कसब खोटे नव्हते, पण त्याला वाव या नियमांनी दिला. दहा वर्षे आधी आला असता, तर त्याच कसबाला किती लोंबकळणारे हात चिकटले असते!

गोद्रो न्यू जर्सीचा. त्याचे वडील गाय हे रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, सांभाळायचे आणि प्रशिक्षण द्यायचे. लहानग्या जॉनीला स्केटिंग शिकवण्यासाठी त्यांनी बर्फावर स्किटल्सच्या गोळ्या ठेवल्या. पोरगा एक गोळी गट्टम करून दुसरीकडे सरके. पुढे बॉस्टन कॉलेजकडून २०१२ मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि २०१३-१४ मध्ये ४० सामन्यांत ८० गुण करून कॉलेज हॉकीतला सर्वोच्च मान, होबी बेकर पुरस्कार, घेतला. गोल केला किंवा गोलाला हातभार लावला, की एक गुण, असा इथला हिशेब. त्याच एप्रिलमध्ये व्हँकुव्हरला तो लीगमधला पहिला सामना खेळला आणि पहिल्याच फटक्यावर गोल केला.

पण खरी परीक्षा २०१४-१५ चा मोसम. सुरुवातीच्या पाच सामन्यांत त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. पुढच्या सामन्यात तर त्याला बाहेरच बसवले. ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणणाऱ्यांची त्या आठवड्यात चंगळ झाली असणार. मग गाडी रुळावर आली. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला, म्हणजे तेव्हाच्या विजेत्यांच्या घरी, कॅलगरी ०-३ ने मागे होती. तिन्ही गोल एकट्या गोद्रोने फेडले आणि जादा वेळेत कॅलगरीने सामना ४-३ असा मारला.

हे तो करायचा कसे? पक घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे त्याच्या बचावाच्या भागात, शिरला, की बचावपटू त्याच्या वेगाच्या हिशेबाने मागे सरकू लागे. इथे गोद्रो एकदम ब्रेक मारून भिंतीकडे वळे. बचावपटू अजून मागेच चाललेला. दोघांमध्ये तीन-चार मीटरची मोकळी जागा तयार होई आणि धक्का द्यायला समोर कुणी उरतच नसे. तेवढ्यात मागून सहकारी शॉन मोनाहन गोलाच्या तोंडाशी येई आणि पक त्याच्या स्टिकवर अलगद पोहोचे. दुसरी चाल चोरीची. समोरच्याकडे पास येत असताना गोद्रो मागून येऊन नेमक्या वेळी आपल्या स्टिकने त्याची स्टिक उचले. पक खालून निघून जाई, तो गोद्रोकडे. एक क्षण आधी उचलली तर समोरचा सावध होतो आणि नंतर उचलून उपयोग नसतो. यात ताकद नावापुरती लागते, बाकी सगळा अंदाज.

हा अंदाज उपजतच असतो, हे काही पटत नाही. या खेळातला दिग्गज वेन ग्रेट्झकीही अंगाने शिडशिडीत होता. लहानपणी तो टीव्हीवर सामना बघताना कागदावर रिंक काढायचा आणि नजर पडद्यावर ठेवून पेन्सिलीने पकचा माग काढत राहायचा. मग रेघा कुठे दाटल्या ते बघायचे.

मोसमाअखेर गोद्रोचे ८० सामन्यांत २४ गोल आणि ४० साहाय्य, असे ६४ गुण झाले. नवख्यांमध्ये एवढेच गुण आणखी एकाचे, ओटावाच्या मार्क स्टोनचे. स्टोन चांगला धिप्पाड, पण चपळ नाही म्हणून १७८ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला, आणि पक चोरण्यात पटाईत. थोडक्यात, अंदाज ही काही बुटक्यांची मक्तेदारी नव्हे. सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार मात्र ॲरन एकब्लाडला गेला. २०१४ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, बचावपटू, उंची ६ फूट ४ इंच. कॅलगरी २००९ नंतर प्रथमच बाद फेरीत गेली आणि तिथे व्हँकुव्हरला हरवून आली.

२०२१-२२ मध्ये गोद्रोने ११५ गुण केले आणि नंतर तो कोलंबसच्या संघात गेला. २९ ऑगस्ट २०२४ रोजी, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सायकलवर असताना एका गाडीच्या धडकेत तो आणि धाकटा भाऊ मॅथ्यू दोघेही गेले. जॉनी ३१ वर्षांचा होता.

तोवर ड्राफ्टच्या टेबलावर लहानखुऱ्यांचा भाव बदलला होता. गोद्रोएवढाच लहानखुरा ॲलेक्स डिब्रिंकॅट २०१६ मध्ये ३९ वा गेला आणि शिकागोसाठी पहिल्याच मोसमात त्याने २८ गोल मारले. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलने तशाच लहानखुऱ्या कोल कॉफील्डसाठी १५ वा क्रमांक खर्ची घातला. कॉफील्ड २०२१-२२ च्या सुरुवातीला पार अडखळला होता, ३० सामन्यांत एकच गोल. फेब्रुवारीत संघाने प्रशिक्षक बदलला आणि उरलेल्या ३७ सामन्यांत त्याने २२ गोल केले. नवा प्रशिक्षक होता मार्टिन सेंट लुई.