विद्यापीठाच्या आवारात अन्याय झाल्यास आधार कोठे मिळतो

आमच्या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांचा पुढचा प्रवास बदनापूरच्या रेल्वे स्थानकावरून सुरू होतो. कोणी छत्रपती संभाजीनगरला नागसेनवनातील महाविद्यालयांत जातात, तेथून पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. कोणी पुण्या-मुंबईस जातात. ज्यांना शेतीशास्त्राची ओढ आहे, त्यांना तर कृषी महाविद्यालय गावातच आहे. निरोप समारंभात आम्ही त्यांना शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या तारखा, कागदपत्रे यांविषयी पुष्कळ सांगत आलो. मात्र वसतिगृहात कोणी मारहाण केली, जातीवरून अपमान केला, कोणी अंगचटीला आले, तर जावे कोणाकडे, हे सांगण्याचे आम्ही बरीच वर्षे टाळले. शुभप्रसंगी अशुभ कशाला बोलायचे, अशी आमची समजूत होती.

काही वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा कार्यालयात दूरध्वनी आला. तिचे महाविद्यालय कोणते, हे येथे लिहिणे उचित नाही. तिच्या ताटवाटीवरून चेष्टा सुरू झाली होती, मग शिवीगाळ झाली आणि त्या संध्याकाळी धक्काबुक्कीही. आम्ही तिला सांगितले, ‘परीक्षा तोंडावर आहे, सांभाळून घे.’ तिने ऐकले. सत्र संपण्याआधीच ती वळकटी घेऊन घरी आली आणि तिचे वर्ष वाया गेले. पुढे भेटली तेव्हा ती म्हणाली, ‘सर, मला कोणाला शिक्षा करायची नव्हती. मला फक्त खोली बदलून हवी होती.’

त्या एका वाक्याने आम्हांला आमची चूक दाखवली. आपल्याकडे तक्रार म्हटली की पोलीस, न्यायालय आणि वर्षानुवर्षांच्या तारखा एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते, आणि पालक घाबरतात. गुन्हेगाराला शिक्षा होणे ही लांबची गोष्ट आहे. पीडिताला खोली, औषधोपचार, वकील, धीर आणि परीक्षेला बसण्याची सोय मिळणे ही जवळची गोष्ट आहे. या दुसऱ्या गोष्टीसाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. वसतिगृहाची खोली बदलणे हा तर नेहमीच्या व्यवस्थापनाचा भाग आहे.

तिच्या बाबतीत जे घडले त्याला कायद्यात रॅगिंग हे नाव आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास दोषी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठविली पाहिजे, असे तो सांगतो. जो प्रमुख हे टाळील, त्याने रॅगिंगला साहाय्य केले असे मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे विनियमही आहेत. जात, धर्म, लिंग, प्रदेश वा आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ हेही रॅगिंगच होय, असे २०१६च्या दुरुस्तीने त्यांत स्पष्ट केले आहे. केवळ नवागताचाच छळ रॅगिंगमध्ये मोडतो, हा समजही खरा नाही. राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १८००-१८०-५५२२ असा आहे. जातीय भेदभावाची तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी व समान संधी कक्ष असावा, असे आयोगाचे २०१२चे विनियम सांगतात. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्यांचे नाव विचारून घ्यावे.

लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तिला २०१३च्या अधिनियमाचा आणि आयोगाच्या २०१५च्या विनियमांचा आधार आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते. पण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो चौकशी चालू असतानाचा अंतरिम दिलासा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो प्राध्यापक असेल, तर तक्रारदार विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून त्याला दूर ठेवता येते. ‘गुण त्यांच्या हातात आहेत’ या एका भीतीने किती मुली गप्प बसतात, हे शिक्षक म्हणून आम्ही जाणतो. आयोगाच्या विनियमांनुसार विद्यार्थी मुलगेही या समितीकडे जाऊ शकतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

ही समिती म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. समितीकडे अर्ज दिला म्हणून गुन्हा नोंदविण्याचा हक्क संपत नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. ‘आधी आमची चौकशी होऊ द्या, मग पोलिसांकडे जा’ असे कोणी म्हणाल्यास तो केवळ सल्ला समजावा. अकरावी-बारावीतील मुले बहुधा अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला मिळाली, त्याने ती पोलिसांना कळविणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. यातून आम्ही शिक्षकही सुटलेलो नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुलगी पुण्यात शिकत असेल आणि घाबरून गावी आली असेल, तर बदनापूरच्या ठाण्यातही तिची फिर्याद नोंदवून घेतली पाहिजे. तिची प्रत विनामूल्य मिळते आणि तपास कोठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत कळविणे पोलिसांचे कर्तव्य आहे. बलात्कार वा ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार केले पाहिजेत.

आता आपल्या समाजाला विशेष लागू असलेली गोष्ट. दाखल्यावर धर्म बौद्ध आहे म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला लागू होत नाही, असे काही पालक आजही समजतात. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले आणि १९८९चा हा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. जातीचे प्रमाणपत्र जवळ असले की धर्माचा अडसर येत नाही. या कायद्याच्या नियमांनुसार अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. काही भाग गुन्हा नोंदविल्यावर, काही दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेला दोषसिद्धीनंतर. पीडित व साक्षीदार यांना न्यायालयात ये-जा करण्याचा खर्च मिळतो. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे २०१५च्या दुरुस्तीने जोडलेले कलम १५-अ सांगते.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. नुकसानभरपाईचा अर्जही येथेच येतो आणि आरोपी सापडला नसला तरी तो करता येतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तर मनाचा धीर सुटल्यास टेली-मानसचा १४४१६. समुपदेशन म्हणजे वेड्यांचा इलाज, ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही, म्हणून हा शेवटचा क्रमांक आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो.

हे सारे कागदावर आहे आणि कागद आपोआप चालत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपविले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला गेला. त्याच वर्षी त्यांच्या आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुला यांच्या आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठांत भेदभावाविरुद्धची यंत्रणा खरोखर काम करावी, एवढीच त्यांची मागणी होती. मुले गमावलेल्या आयांना हे मागावे लागले.

आता निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दहावीच्या मुलांकडून एक अर्ज लिहून घेतो. घटना काल्पनिक असते, पण तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले आणि आपल्याला काय हवे आहे, हे त्यात यावे लागते. शिवी जशीच्या तशी लिहिताना मुले संकोचतात. आम्ही ती लिहायला लावतो. मग प्रत्येकाने अर्जाच्या दोन प्रती घेऊन कार्यालयात जायचे आणि एकीवर शिक्का, सही व तारीख घेऊन परत यायचे. पोच न घेता आलेल्याला आम्ही पुन्हा पाठवतो.