तळ नसलेलं खोकं

भोसरीत आमच्या कारखान्यासमोर चहाची टपरी आहे. तिथला माणूस दिवसातून चारदा वर येतो. हातात तारेचं स्टँड, त्यात कटिंगचे सहा ग्लास. बावीस वर्षं पुठ्ठ्याची खोकी आखतेय, तरी त्या स्टँडकडे मी जरा मत्सरानेच बघते. सहा कड्या, मधे एक उभी तार, वर मूठ, संपलं. ग्लास वर रुंद, खाली निमुळता. कडीत अर्ध्यावर जाऊन तो आपल्याच वजनाने रुततो. धरण्याचं निम्मं काम ग्लासच करतो, तारेच्या वाट्याला उरलेलं येतं.

रोज डोळ्यांसमोर असूनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी कुडाळकडचे एक गृहस्थ कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्या घेऊन आले. २०० मिलीच्या सहा बाटल्या एकत्र विकायच्या होत्या. भरलेली एक बाटली ३८० ग्रॅम, म्हणजे सहांचं ओझं सव्वादोन किलोच्या थोडं वर. "मॅडम, पिशवी नको, प्लास्टिक नको, आणि सरबतापेक्षा खोकं महाग नको," एवढीच त्यांची अट.

मी टोपली केली. चार भिंती, तळ, आत जाळी, वर मूठ. पुठ्ठा ३५० जीएसएम डुप्लेक्स. २३ बाय ३६ इंची शीटमधून तीनच नग निघत, आमच्या भाषेत तीन अप्स. कारखान्यात मी ती भरून हिसके दिले, गोल फिरवली, काही झालं नाही. दुकानात मात्र बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायचे. बाहेर काढल्या की काचेला घाम फुटायचा, तो ओघळून तळाशी जमायचा. दुसऱ्या आठवड्यात फोन आला: तळ उसवला, बाटल्या फरशीवर.

डुप्लेक्सची पाठ राखाडी असते, कारण ती रद्दीतून बनते. रद्दीतले तंतू आधीच एकदोनदा भिजून, कुटून आखूड झालेले असतात. पुन्हा ओले झाले की एकमेकांना सोडतात. मला पहिल्यांदा सुचलं ते कुणालाही सुचेल तेच: पुठ्ठा जाड घेऊ. पुठ्ठा कापायचे साचे, म्हणजे डाय, बनवणारे आमचे काका चष्मा वर सारून म्हणाले, "जिथं फाटतंय तिथं पुठ्ठा ठेवताच कशाला?"

मग मी जगात लोकांनी काय काय करून ठेवलंय ते पाहत बसले. कोका-कोलाने सहा बाटल्यांचं पुठ्ठ्याचं खोकं १९२३ साली आणलं, ते माझ्या टोपलीचं थोरलं भावंडच. खरा झटका दिला तो अमेरिकेत १९६०च्या दशकात आलेल्या प्लास्टिकच्या सहा कड्यांनी. यंत्र कडी ताणून कॅनवर चढवतं आणि सोडतं. ती आकसते आणि कॅनच्या काठाखाली गच्च बसते. दोन किलोंसाठी काही ग्रॅम प्लास्टिक! मालाची एवढी काटकसर मला आजही जमणार नाही. पण त्याच कड्या समुद्रात जाऊन पक्ष्यांच्या माना आवळू लागल्या आणि १९८८ साली अमेरिकेला कायदा करावा लागला, की कडी विघटन होणारीच हवी. कार्ल्सबर्गने २०१८ मध्ये कड्याच काढून टाकल्या आणि कॅन एकमेकांना डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटवले. प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत वाचतं, असं कंपनी सांगते. म्हणजे तिथं तर कॅनच कॅनला धरतो.

माझ्या बाटलीला काठ नव्हता, पण गळ्याला काचेचं जाडसर कडं होतं. तिथंच धरायचं ठरवलं. वर एकच पट्टी, तिला सहा भोकं, प्रत्येक भोकाभोवती पुठ्ठ्याच्या जिभा. बाटलीवर पट्टी दाबली की जिभा वर वळतात आणि कड्याखाली अडकतात. मधली एक घडी दोन ओळींच्या मधे खाली उतरते, काच काचेवर आपटू नये म्हणून. चिरेच्या टोकाला काकांनी बारीक गोल ठेवला. टोकदार चिरेतून फाट पुढे धावते, गोलाशी थांबते. पुठ्ठा या वेळी क्राफ्ट घेतला, लांब तंतूंचा. किलोमागे तो महाग पडतो, पण किलोच कमी लागत होते.

मग मला हाव सुटली. पट्टी शीटवर आडवी टाकली तर आठाऐवजी नऊ अप्स बसत होते. बसवले. पण कागदाला लाकडासारखी ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, असते. ती पट्टीच्या लांबीने जायला हवी, ती गेली रुंदीने. उचलल्यावर पट्टी केळ्यासारखी वाकली आणि कडेच्या बाटल्या लोंबल्या. नवी डाय केली ती भंगारात गेली. पुन्हा आठांवर आले. टोपली ५५ ग्रॅमची होती, ही पट्टी २२ ग्रॅमची.

गेल्या मे महिन्यात दादरला एका दुकानात ती मांडलेली दिसली. मुद्दाम बाजूला उभी राहिले. एका आजींनी पट्टीच्या भोकात बोटं घातली, अलगद उचललं, आणि दुसरा हात बाटल्यांखाली धरूनच गल्ल्यापर्यंत नेलं.