मातीतले विकर आणि युरियाचे गणित

सकाळी गोठ्यात पाऊल टाकले की नाकाला झोंबणारा एक वास येतो. जनावराच्या ताज्या मूत्राला हा वास नसतो; मूत्र जमिनीत मुरल्यावर काही तासांनी तो येऊ लागतो. हा वास अमोनिया वायूचा. मूत्रात तर युरिया असतो. मग त्याचा अमोनिया कोण करते?

युरिया तसा टिकाऊ पदार्थ आहे. शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवला तर तो कितीतरी दिवस जवळजवळ जसाच्या तसा राहतो. ओल्या मातीत मात्र थोड्याच दिवसांत त्याचे विघटन होते. हे काम युरिएज नावाचे विकर करते. विकर म्हणजेच एन्झाइम. सजीवांच्या पेशींत तयार होणारी ही प्रथिने रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड वाढवतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत. विकर हे प्रथिन असते, हे दाखवणारा पहिला भक्कम पुरावाही युरिएजनेच दिला. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतील जॅक बीनच्या बियांपासून युरिएजचे स्फटिक मिळवले. या कामासाठी त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मातीत विकर येतात ते जिवाणू, बुरशी, वनस्पतींची मुळे आणि कुजणारा पालापाचोळा यांच्यापासून. पेशी मेल्यावर बाहेर पडलेले बरेचसे विकर इतर सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. पण काही विकर चिकणमातीच्या कणांना आणि ह्यूमसला चिकटून बसतात व दीर्घकाळ काम करत राहतात. म्हणजे कारागीर गेला तरी त्याचे हत्यार चालूच राहते! सेल्युलेज काडीकचऱ्यातील सेल्युलोज तोडते, तर फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थात अडकलेले स्फुरद मुळांना घेता येईल अशा रूपात मोकळे करते.

आता शेताकडे वळू. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. युरिएजमुळे युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळतो. ही क्रिया मातीच्या आत घडली, तर अमोनियाचे अमोनियम होते, मातीचे कण ते धरून ठेवतात आणि पिकाला नत्र मिळते. पण खत जमिनीवर नुसते फेकले आणि पाऊस लांबला, तर दाण्याभोवतीची माती अल्कधर्मी होते व अमोनिया हवेत उडून जातो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हा धोका अधिक. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले नत्र असे वाऱ्यावर जाते. युरिया मातीआड करणे, लगेच पाणी देणे आणि तो हप्त्याहप्त्याने देणे हे त्यावरचे सोपे उपाय. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप मुख्यतः अमोनियमचे नायट्रेट होण्याची पुढची पायरी मंद करतो. त्यामुळे युरिया मातीआड करण्याची गरज संपत नाही.

हे सारे वर्गात दाखवता येते. तीन बरण्या घ्या. पहिलीत शेतातील ओलसर माती व चमचाभर युरिया, दुसरीत तासभर कुकरमध्ये वाफवून थंड केलेली तीच माती व तितकाच युरिया, तिसरीत फक्त पाणी व युरिया. प्रत्येक झाकणाला आतून हळदीच्या पाण्यात बुडवलेली ओली कागदपट्टी चिकटवा. एक-दोन दिवसांत पहिल्या बरणीतील पट्टी तांबूस होऊ लागते, कारण अमोनिया अल्कधर्मी आहे. इतर दोन पिवळ्याच राहतात. हे का घडले ते विद्यार्थ्यांनाच विचारा. उष्णतेने मातीतील क्षार नाहीसे होत नाहीत, पण विकरांच्या प्रथिनांची रचना बिघडते. प्रयोग चार-पाच दिवस लांबवू नका. बाहेरचे सूक्ष्मजीव शिरून वाफवलेली मातीही पुन्हा कामाला लागते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबींची नोंद असते. कोठारात माल किती, हे त्यावरून कळते. पण तो माल हलवणारे हात किती, ते कळत नाही. ते कळायचे तर विकरांची क्रियाशीलता मोजावी लागते. उदाहरणार्थ, डिहायड्रोजिनेज हे विकर जिवंत पेशींतच काम करते. म्हणून आम्ही मातीतील जिवंतपणाचा अंदाज घेण्यासाठी ते मोजतो. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत दिलेल्या जमिनीत ही क्रियाशीलता सहसा वाढते. सेंद्रिय पदार्थ जाळून टाकले, की ती घटते.

युरिएज शेतकऱ्याचा मित्रही नाही आणि शत्रूही नाही. ते आपले काम चोख करते. त्या कामाचा लाभ पिकाला द्यायचा की वाऱ्याला, हे मात्र आपण ठरवायचे.