कवेलू फेरणीचा दिवस

सकाळी सहा. ऊन वर आलं की घराची दारं लावून घ्यायची आणि अंधारात मान वर करून पाहायचं. छपराचं कवेलू, म्हणजे कौल, फुटलं असेल तिथून उजेडाची तिरीप आत येते. रोहिणी लागल्यात, मृग दारात आहे. चिचगड आणि आसपासच्या गावांत फेरणीची, म्हणजे कवेलू काढून, झाडून पुन्हा रचण्याची घाई याच दिवसांत. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांतच.

पण उजेड दिसतो तिथेच गळतं असं नाही. उजेड सरळ येतो, पाणी वाट काढत येतं. वरच्या भोकातून शिरलेलं पाणी बांबूच्या पोटाला धरून दोन-तीन हात खाली उतरतं आणि गाठ आली की थेंब सुटतो. म्हणून बांबूवरचे काळे ओघळ आणि मातीच्या भिंतीवरच्या रेघा बघायच्या. त्याहूनही खात्रीचं म्हणजे घरच्या बाईला विचारायचं, मागच्या पावसात गळतीखाली गंज कुठे ठेवला होता?

"चुलीवर नाई गा, थ्या ढोलीपाशी गरते," या घरच्या काकी म्हणतात. "रातभर पानी उपसलं."

धानाच्या ढोलीवर एकही तिरीप नाही. म्हणजे फट वर, आढ्याच्या बाजूला. छपराचा खरा नकाशा रात्री उठून भांडी सरकवणाऱ्या बाईकडेच असतो. तिला न विचारता वर चढणाऱ्या मिस्त्रीचं काम मला पटत नाही.

सात. शिडी लावली. पाय वाशावरच ठेवायचा, दोन वाशांच्या मध्ये कधीच नाही. देशी कवेलूंच्या दोन पदरांत खालचं उताणं, त्यातून पाणी वाहतं. वरचं पालथं, ते दोन ओळींमधली फट झाकतं. उताण्या नळीत पालापाचोळा आणि माती साचली की पाणी काठावरून आत उतरतं, मग कवेलू शाबूत असलं तरी घर गळतं. अर्धी गळती या कचऱ्यामुळेच असते.

एक पट्टा उघडायचा, कवेलू झाडायचं, बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत आवाज आला तर परत छपरावर, भद्द वाजलं तर खाली. रचणी वळचणीकडून वर जाते, कारण वरच्याने खालच्यावर चढायला हवं. हात सांभाळून घालावा लागतो, कवेलूखाली विंचू असतात.

दहा. ढोलीच्या वर, आढ्यापासून हातभर खाली, कारण सापडलं. वाळवीने बांबू पोखरलाय, तिथे छपराला पोट आलंय, आणि त्या खळग्यात पाणी थांबतं. वरून कितीही नवी कवेलू घातली असती तरी उपयोग नव्हता. बांबू बदलला. हिवाळ्यात तोडून पाण्यात भिजत ठेवलेला बांबू असला तर त्याला कीड कमी लागते.

फुटकी कवेलू बरीच निघाली. वानरांचा कळप छपरावरून उड्या मारत जातो, त्याला कोण अडवणार? नवी कवेलू मिळणं मात्र कठीण झालंय. घरकुलाचा स्लॅब आला तसं कुंभारांनी भाजणं सोडलं. पाडलेल्या घरांची जुनी कवेलू जपून ठेवावी लागतात. काही जण कवेलूखाली प्लास्टिकची पन्नी अंथरतात. मी विरोध करतो. पन्नी गळती लपवते, आणि तिच्यात कोंडलेल्या ओलीने बांबू आतून कुजतो.

अकरा ते साडेतीन काम बंद. कवेलूला हात लावला तर पोळतो. भात, वरण, कांदा, मग आंब्याखाली आडवं होणं.

चार. ककोडी गावाच्या बाजूला ढग. सकाळी एकच पट्टा उघडला त्याचं मोल आता कळतं. संध्याकाळपर्यंत झाकता येईल एवढंच छप्पर उघडायचं. अवकाळी सर सांगून येत नाही.

साडेपाच. पाण्याची परीक्षा. मासे धरणारे ढिवर काठावर ओढलेल्या डोंग्यात पाणी भरून बाहेर कुठे झिरपतं ते पाहतात. छपराला आम्ही उलटं करतो, बाहेर ओततो आणि आत बघतो. ओतायचं मात्र खालून सुरू करून. एकदम आढ्यावरून घागर रिकामी केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि फट कुठली ते समजत नाही. वळचणीजवळ ओतलं, कोरडं. मधोमध ओतलं, कोरडं. आढ्याजवळ ओतताच आतून हाक आली, "गरते गा!"

आढ्याच्या कवेलूचा सांधा उकलला होता. तो गाऱ्याने भरला. ओला गारा धुपेल म्हणून त्यावर लगेच पाणी ओतत नाही. तेवढी एक परीक्षा बाकी ठेवून शिडी काढली. काकींना सांगितलंय, उद्या दिवसभर गारा वाळू द्या, परवा सकाळी येऊन आढ्यावर पुन्हा पाणी ओततो, तोवर धान ढोलीतच राहू द्या पण वर ताडपत्री टाका.