सकर, पण कोणता?

दोस्तांनो, माशांच्या दुकानात गेलात की एक मासा तुमचं लक्ष हमखास वेधून घेतो. बाकीचे मासे सुळसुळ पोहत असतात आणि हे महाशय मात्र काचेला तोंड चिकटवून गप्प! अंगावर काळपट ठिपके, पाठीवर शिडासारखा मोठा पर. विचारा बरं दुकानदाराला, "काका, हा कोणता?" उत्तर ठरलेलं. "सकर आहे. घेऊन जा, काच साफ ठेवेल."

झालं! तीन इंचांचा सकर पिशवीत बसून घरी येतो. वर्ष-दोन वर्षांत तो वीतभराहून मोठा होतो आणि पुढे पार दीड फुटापर्यंत जातो. दोन फुटांच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. काच साफ करायची राहिली बाजूला, उलट त्याच्याच घाणीनं पाणी गढूळ! मग घरात प्रश्न पडतो, आता याचं करायचं काय?

चूक कोणाची? माशाची तर नाहीच. चूक झाली ती नावाची. 'मांजराच्या कुळातला आहे' एवढंच सांगून कोणी वाघाचा बछडा हातात दिला तर कसं होईल? तसंच हे.

एक टोपणनाव, शेकडो मासे

सकर हे टोपणनाव. पुस्तकात याला 'प्लेको' म्हणतात. हे मासे मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या नद्यांमधले. लोरिकारिडी हे त्यांचं कुळ आणि त्यात हजाराच्या आसपास जाती! कोणी बोटाएवढा, कोणी हाताएवढा. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. 'प्लेकोस्टोमस' म्हणजे ग्रीक भाषेत घडीचं तोंड.

गंमत ऐका. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणारा लिनियस, त्यानं १७५८ साली या माशाला नाव दिलं, पण बसवलं कुठे? स्टर्जन नावाच्या भलत्याच माशांच्या गटात! स्टर्जनच्या अंगावरही हाडांच्या पट्ट्या असतात ना. तेव्हा फसगत आपलीच होते असं नाही बरं का!

नावाआधी नंबर

१९८०च्या दशकात ब्राझीलमधून नवनवे प्लेको परदेशी दुकानांत येऊ लागले. शास्त्रीय नाव ठरायला तर वर्षानुवर्षं लागतात. तोवर हाक कशी मारायची? १९८८ साली जर्मनीतल्या 'डाट्स' या मासिकानं युक्ती काढली. माशाचा फोटो छापायचा आणि त्याला नंबर द्यायचा. एल १, एल २, एल ३... 'एल' म्हणजे लोरिकारिडी. वर्गात नाव माहीत नसलेल्या मुलाला हजेरीच्या नंबरानं ओळखावं, तसं!

झिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चिमुकला झेब्रा प्लेको झाला एल ४६. हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे शास्त्रीय नाव त्याला १९९१ साली मिळालं, तरी शौकीन त्याला आजही नंबरानंच ओळखतात.

पण नंबर म्हणजे नाव नव्हे. एल १ आणि एल २२ हा मुळात एकच मासा निघाला! सोनेरी ठिपक्यांच्या 'गोल्ड नगेट'ला तर एल १८, एल ८१, एल ८५ आणि एल १७७ असे चार नंबर मिळाले होते. २०११ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत.

तुम्हीच व्हा गुप्तहेर!

१. पाठीवरचा पर उघडला की छत्रीच्या काड्या मोजाव्यात तशा त्यातल्या काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून द्या. साधारण सात भरल्या तर तो हायपॉस्टोमस असू शकतो. नऊ किंवा जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस. आपल्याकडचा 'सकर' बहुधा हाच, दीड फुटाचा गडी!

२. तो काचेला चिकटला की पोट पाहा. सुटे सुटे ठिपके आहेत की नागमोडी नक्षी? त्यावरून टेरिगोप्लिक्थिसच्या जाती ओळखतात. मात्र जातींचा संकर झाला की नक्षीही मिसळते.

३. नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मिशा दिसल्या तर तो अँसिस्ट्रसचा नर. हा जेमतेम अर्ध्या फुटाचा होतो. घरच्या टाकीसाठी हाच बरा.

नदीत सोडला तर?

"बिचाऱ्याला नदीत सोडून देऊ," असं पुष्कळांना वाटतं. भावना चांगली, पण परिणाम वाईट! केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल अशा राज्यांत आणि आपल्या भीमा नदीवरच्या उजनी जलाशयातही हे परदेशी सकर सापडले आहेत. चिलखतामुळे त्यांना सहजी कोणी खात नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर ते वर येऊन हवा गिळतात आणि जगतात. अंडी घालायला काठात बिळं करतात. त्यांच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, ते वेगळंच.

आणि त्याच कुळातला झेब्रा? झिंगूवर बेलो मोंते धरण झालं, २०१६ साली तिथे वीज तयार होऊ लागली आणि आधीच संकटात असलेल्या या माशाचं घर आणखी धोक्यात आलं. २०२२ साली वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारानं त्याला संरक्षण दिलं. एका भावाला आवरायचं, दुसऱ्याला जपायचं. दोघांनाही नुसतं 'सकर' म्हटलं तर हे जमणार कसं?

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात विचारा, "काका, सकर ते कळलं, पण कोणता? आणि मोठा झाला की केवढा होतो?" उत्तर मिळेपर्यंत पिशवी घेऊ नका. आई-बाबा, तुम्हीही धीर धरा हं! आणि घरचा सकर टाकीत मावेनासा झाला तर तो दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. नदी, ओढा, विहीर, तलाव यांत मात्र कध्धी नाही. कबूल?